एकदा ऑपरेशन झालंय, आता परत कसं सांगू?

कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेंगा फोडत बसला असाल, कुणी आत्ताच शेतातून येऊन पाय धुतले असतील. हात चालू राहू द्या, कान मात्र इकडे द्या. आज आम्ही कर्जाच्या हप्त्याबद्दल किंवा शिलाई मशीनबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय हृदयाच्या व्हॉल्व्हबद्दल. त्यातही ज्या बायकांचं व्हॉल्व्हचं ऑपरेशन आधी एकदा झालंय आणि जे दुसऱ्यांदा करायची वेळ येऊ शकते, त्यांच्याबद्दल.

हा विषय आपल्या कामाचा नाही असं म्हणून रेडिओ बंद करू नका. गटांच्या बैठकांसाठी आम्ही गावोगाव फिरतो. मधूनच एखादी बाई भेटते, जिच्या छातीवर मधोमध उभा व्रण असतो आणि ती पदर सारखा गळ्यापर्यंत ओढून घेत असते. "दहा-बारा वर्षांमागं हार्टचं ऑपरेशन झालंय," एवढंच सांगते. कुठला व्हॉल्व्ह बदलला, कसला बसवला, कागद कुठे आहेत, हे विचारलं तर म्हणते, "ते मालकांना ठाऊक." मालकांना विचारावं तर ते म्हणतात, "फाइल कुठंतरी पेटीत असंल." आजचं बोलणं त्या बाईसाठी आहे, आणि तिच्या शेजारी बैठकीला बसणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी आहे.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते बघू. विहिरीवरच्या मोटरीला खाली फूटव्हॉल्व्ह असतो. पाणी वर जातं, पण माघारी विहिरीत पडत नाही, ते त्या फूटव्हॉल्व्हमुळे. तो गळायला लागला की मोटर चालूनही पाणी वर चढत नाही, आणि तो चोंदला की मोटरीवर ताण येतो. आपल्या हृदयात असे चार व्हॉल्व्ह आहेत. रक्त पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक व्हॉल्व्ह सुमारे १ लाख वेळा उघडतो आणि मिटतो. त्याला ना रविवार, ना अमावस्या.

आपल्याकडे तरुण वयात व्हॉल्व्ह बिघडण्याचं मोठं कारण म्हणजे लहानपणीचा संधिवाताचा ताप. साधारण ५ ते १५ वर्षांच्या वयात घसा दुखतो, ताप येतो, तो आपोआप बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात, दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात जातं. आपण म्हणतो, पोरगी वाढतेय, हाडं दुखतात. सांधे बरे होतात, पण काहींच्या व्हॉल्व्हला सूज येते आणि तो पुढे वर्षानुवर्षं जाड होत जातो, चिकटतो, गळायला लागतो. मग लग्न झाल्यावर, पहिल्या बाळंतपणात, धाप लागते तेव्हा कळतं. डावीकडच्या माइट्रल व्हॉल्व्हचं अरुंद होणं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं.

मग ऑपरेशन होतं. कुणाचा व्हॉल्व्ह फुग्याने रुंद करतात, कुणाचा दुरुस्त करतात, आणि कुणाचा काढून नवा बसवतात. माणसाच्या हृदयात बिघडलेल्या व्हॉल्व्हच्या जागी कृत्रिम व्हॉल्व्ह बसवण्याची शस्त्रक्रिया १९६० साली अमेरिकेत यशस्वी झाली. आपल्या देशात त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने स्वदेशी व्हॉल्व्ह तयार केला आणि तो १९९० साली पहिल्यांदा रुग्णाला बसवला गेला. त्यामुळे बाहेरून आणलेला महाग व्हॉल्व्ह न परवडणाऱ्या माणसांनाही वाट मिळाली.

बसवायचे व्हॉल्व्ह मुख्यतः दोन प्रकारचे. एक धातूचा, म्हणजे धातू आणि कार्बनचा. तो लवकर झिजत नाही, पण त्याच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. दुसरा प्राण्याच्या ऊतीपासून केलेला, म्हणजे गाईच्या हृदयावरच्या आवरणाचा किंवा डुकराच्या व्हॉल्व्हचा. त्याला बहुतेक वेळा ती गोळी जन्मभर लागत नाही, पण तो साधारण १० ते १५ वर्षांत झिजतो. तरुण माणसात त्याहूनही लवकर.

आता इथे बायकांची गोष्ट वेगळी होते, नीट ऐका. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनसारख्या गोळ्यांनी पोटातल्या गर्भाला इजा होऊ शकते. म्हणून ज्या तरुण मुलीला अजून मूल हवंय, तिला कधीकधी डॉक्टर मुद्दाम प्राण्याच्या ऊतीचा व्हॉल्व्ह बसवतात. म्हणजे पहिल्या ऑपरेशनच्या दिवशीच ठरलेलं असतं की काही वर्षांनी दुसरं लागणार. डॉक्टर ते सांगतातही. पण ते ऐकायला बाहेरच्या बाकावर सासरे असतात, दीर असतो, नवरा असतो. ती स्वतः आत भूल उतरायची वाट बघत पडलेली असते. तिच्यापर्यंत ते वाक्य पोचतच नाही. मग बारा वर्षांनी धाप लागली की घरात म्हणतात, "एवढा खर्च करून काय उपयोग झाला?" आणि तिलाही वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

मैत्रिणींनो, आज एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी चालेल. दुसरं ऑपरेशन म्हणजे पहिलं वाया गेलं असं नाही. पहिल्या व्हॉल्व्हने बारा वर्षं काम केलं. त्या बारा वर्षांत लेकरं झाली, वाढली, शाळेत गेली. तो वाया कसा गेला?

आमच्या एका गटातली ताई. व्हॉल्व्ह बदलून बरीच वर्षं झाली होती. बैठक देवळाच्या ओट्यावर भरायची. आधी ती पुढे येऊन बसायची, मग खालच्या पायरीवर बसायला लागली. "वर या की," म्हटलं तर म्हणायची, "इथंच वारं लागतंय." रात्री दोन उशा घेऊन झोपायची. पाय सुजले तर म्हणायची, उभं राहून सुजले. शेवटी गटातल्या एका म्हातारीने तिला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं. तेव्हा ती रडली. म्हणाली, "आत्याबाई, मागच्या खेपेला माझ्यापायी दुभती म्हैस विकली. आता परत कुठल्या तोंडानं सांगू?"

दुसऱ्या वेळी बाईचा जीव धोक्यात येतो तो पुष्कळदा या वाक्यामुळे. पहिल्या वेळी दुखणं नवीन असतं, सगळे धावतात. दुसऱ्या वेळी ती स्वतःच हिशोब करत बसते. म्हशीचा, सोन्याचा, पोराच्या कॉलेजच्या फीचा. आणि त्या हिशोबात महिने जातात.

महिने गेले की काय होतं, तेही सांगतो. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतंच. छातीचं हाड पुन्हा उघडायचं असतं. मागच्या ऑपरेशननंतर आत भरून आलेले व्रण असतात, त्यांनी हृदय हाडाला आतून चिकटलेलं असू शकतं. म्हणून सर्जन आधी सीटी स्कॅन करून कुठे काय चिकटलंय ते बघतात, रक्ताच्या जास्त पिशव्या तयार ठेवतात, वेळ जास्त लागतो. पण बाई चालत दवाखान्यात आली, तपासण्या शांतपणे झाल्या, दिवस ठरवून ऑपरेशन झालं, तर अनुभवी हातांत ते चांगलं पार पडतं. तीच बाई फुप्फुसात पाणी भरल्यावर, रात्री दोन वाजता गाडीत घालून आणली तर धोका कितीतरी वाढतो. ऑपरेशन तेच, व्हॉल्व्ह तोच, फरक फक्त उशिराचा.

काही जणींना छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून जुन्या व्हॉल्व्हच्या आतच नवा बसवता येतो. हे फक्त जुना व्हॉल्व्ह प्राण्याच्या ऊतीचा असेल तर जमतं, धातूच्या व्हॉल्व्हमध्ये नाही. ते महागही आहे आणि प्रत्येकीला चालत नाही. पण डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे? प्रश्न विचारायचा, उत्तर वहीत लिहून घ्यायचं.

आता दुसरं ऑपरेशन लागतं कशाकशाने, ते थोडक्यात. प्राण्याच्या ऊतीचा व्हॉल्व्ह झिजतो, हे झालं एक. धातूच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरून तो अडकतो, हे दुसरं. व्हॉल्व्हवर जंतू बसतात, हे तिसरं. टाके सैल होऊन व्हॉल्व्हच्या कडेने रक्त गळतं किंवा कडेने मांस वाढतं, हे चौथं. आणि संधिवाताच्या तापाने आधीच दुखावलेला दुसरा व्हॉल्व्ह पुढे बिघडतो, हे पाचवं. यातल्या झिजण्यावर आपला इलाज नाही. पण गुठळी आणि जंतू, या दोन गोष्टी पुष्कळदा आपल्याला टाळता येतात.

गुठळीचं बघू. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम अशा नावाची गोळी असते. ती रोज, ठरल्या वेळी, एकही दिवस न चुकवता घ्यायची. नवरात्राचे नऊ दिवस उपवास असला तरी घ्यायची. गोळीने उपवास मोडत नाही, आणि मोडत असेल असं वाटलं तर देवीला आम्ही सांगू. गोळीचा परिणाम बघायला रक्ताची एक तपासणी असते, पीटी आयएनआर. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. धातूचा व्हॉल्व्ह असेल तर तो साधारण २ ते ३, आणि माइट्रलच्या जागी असेल तर बहुधा २.५ ते ३.५ ठेवायला सांगतात. तुमचा आकडा कोणता, ते तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आकडा कमी झाला तर गुठळीची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची. म्हणून सगळं सुरळीत असलं तरी साधारण महिन्याला तपासणी हवी. बाजारात तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात, पण त्या धातूच्या व्हॉल्व्हला चालत नाहीत. कुणी सुचवल्या तरी आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करायचा नाही.

पालेभाजीचं सगळ्या विचारतात. मेथी, पालक, शेपू बंद करायची का? बंद नाही करायची. पण आठवडाभर काहीच नाही आणि मग श्रावणात रोज दोन्ही वेळा पालेभाजी, असं करायचं नाही. रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. झाडपाल्याचे काढे आणि दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यांनी आकडा बिघडतो किंवा पोटात रक्तस्राव होतो. पाळीत फार अंगावर जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, रक्त कमी झालं की हृदयावरच ताण येतो.

आपल्याकडून दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला जातात. आमच्या ओळखीची एक बाई धातूचा व्हॉल्व्ह घेऊन कारखान्यावर गेली. नेलेल्या गोळ्या संपल्या, तालुक्याचं गाव लांब, मुकादम सुट्टी देईना. वीसेक दिवस गोळीशिवाय गेले. एका पहाटे उसाची मोळी उचलताना उजवा हात लुळा पडला आणि बोबडी वळली. व्हॉल्व्हवरची गुठळी सुटून मेंदूकडे गेली होती. ती वाचली. व्हॉल्व्हही नंतर औषधाने मोकळा झाला, पण हातात अजून पूर्ण ताकद नाही. म्हणून कारखान्याला जाणाऱ्या बायकांनो, पूर्ण हंगामाच्या गोळ्या आधी बांधून घ्या आणि कारखान्याजवळ तपासणी कुठे होते ते जायच्या आधीच विचारून ठेवा. जी घरी थांबू शकते, तिने थांबावं.

जंतूंचं दुसरं. ते बऱ्याचदा तोंडातून रक्तात जातात. किडलेला दात, सुजलेल्या हिरड्या. आपल्याकडे बायका सकाळी मिश्री लावतात. मिश्रीने हिरड्या खराब होतात, आणि व्हॉल्व्ह असलेल्या बाईला ते परवडणारं नाही. ती सोडा आणि ब्रशने दात घासा. दात काढायच्या आधी दंतवैद्याला सांगा, "माझ्या हृदयात व्हॉल्व्ह बसवलाय." तो आधी प्रतिजैविक औषध देईल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचाही विचार करेल. ताप दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर गावातच सुई टोचून घेऊन बसू नका. व्हॉल्व्हचा कागद घेऊन मोठ्या दवाखान्यात जा. प्रतिजैविक सुरू करायच्या आधी रक्त तपासणीला पाठवलं तर कोणता जंतू आहे ते नेमकं सापडतं. आणि संधिवाताच्या तापासाठी दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असेल तर ऑपरेशन झालं म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका.

धातूच्या व्हॉल्व्हची एक खूण आहे. रात्री सगळं शांत झालं की छातीत घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. नवऱ्यालाही ऐकू येते. सुरुवातीला झोप लागत नाही, मग सवय होते. ही टिकटिक एकाएकी मंद झाली किंवा बंद झाली, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन लावा. तसंच एकदम वाढलेली धाप, रात्री दचकून उठून बसावं लागणं, चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हातपाय लुळा पडणं, काळी शौच होणं, या कशालाही घरी थांबायचं नाही. पाय सुजणं, दोन उशा लागणं, पूर्वी जमणारा चढ आता न जमणं, यासाठी त्याच आठवड्यात तपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको.

दिवस राहावेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. पाळी चुकली तर त्याच दिवसांत जावं, कारण गर्भाला सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफेरिनचा धोका जास्त असतो. पण घाबरून गोळी स्वतःहून बंद करू नका, त्याने आईच्याच जिवावर बेततं.

आता पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. ही मर्यादा दर वर्षाची असते. दहा वर्षांपूर्वी योजनेतून ऑपरेशन झालं म्हणून हक्क संपत नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड, आधार कार्ड घेऊन त्यांना भेटा, आपलं ऑपरेशन आणि ते रुग्णालय योजनेत बसतं का ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा गरीब रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. तिथे समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. हे दाखले धाप लागल्यावर काढायचे नसतात, आधी काढून ठेवायचे असतात.

आणि आता गटाचं काम. त्या म्हशीवाल्या ताईसाठी गटाने काय केलं, ते सांगतो. दोघी जणी तिच्या घरी गेल्या, सासूशी बोलल्या. नवऱ्याला बसवून सांगितलं की व्हॉल्व्हचं वयच झालंय, यात हिचा दोष नाही. पेटीतली फाइल शोधली. व्हॉल्व्ह कोणत्या कंपनीचा, किती नंबरचा, कधी बसवला, हे असलेलं कार्ड सापडलं, आणि सर्जनने पहिल्यांदा तेच मागितलं. येण्या-जाण्याला अंतर्गत कर्ज दिलं. ऑपरेशन दिवस ठरवून झालं. घरी आल्यावर छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तेवढे दिवस हंडा उचलायचा नाही, शेंदायचं नाही, गवताचा भारा नाही. गटाने पाण्याच्या पाळ्या लावल्या. सोमवार एकीचा, मंगळवार दुसरीचा. कुणाचीही पाळी चुकली नाही. सासू म्हणाली, "माझ्या लेकींनी केलं नसतं एवढं."

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर पाच मिनिटं काढा. विचारा, आपल्यात कुणाच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय का? असेल तर तिचं कार्ड आणि फाइल शोधा, झेरॉक्स काढून एक प्रत गटाच्या पेटीत ठेवा. तिच्या पीटी आयएनआरची तारीख गटाच्या वहीत लिहा, जशी हप्त्याची लिहितो तशी. आणि ती मागच्या पायरीवर बसायला लागली, तर तिला विचारा.

आणि जी बाई आज हे ऐकतेय, जिला गेले काही महिने दोन उशा लागतायत, तिला आमचं सांगणं आहे. ताई, म्हैस पुन्हा घेता येते. आज संध्याकाळी जेवताना घरात सांग. घरात सांगवत नसेल, तर शेजारणीला सांग. तेही जमत नसेल, तर आम्हाला सांग, आम्ही येतो.